निळ्या धुक्यातलं झाडांचं ऋतुचक्र

रस्त्याकडेला दिसणाऱ्या ज्या झाडाला आपण निलगिरी म्हणतो, त्याच कुळातल्या झाडांच्या रानांमुळे ऑस्ट्रेलियातल्या एका डोंगररांगेला ब्लू माउंटन्स हे नाव मिळालं. लांबून ते डोंगर निळसर दिसतात. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्सवरही अशीच निळाई पसरते. 1960 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी ‘नेचर’ नियतकालिकात तिचं कारण मांडलं: झाडं हवेत टर्पीन (झाडांना वास देणारी, सहज उडून जाणारी द्रव्यं) सोडतात, त्यापासून अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते निळा प्रकाश विखुरतात.

त्याच्या तीन वर्षं आधी, 1957 मध्ये, जॉर्जियातल्या तिबिलिसीत गिवी सानाद्झे यांनी पानांतून आयसोप्रीन, म्हणजे टर्पीनच्याच कुळातला एक साधा वायू, बाहेर पडतं हे शोधलं होतं. पण सोव्हिएत संघातलं हे काम पश्चिमेत फारसं पोहोचलं नाही. अमेरिकेत राइनहोल्ड रासमुसेन यांनाही हाच वायू स्वतंत्रपणे सापडला.

पुढे झाडांचे दोन स्वभाव वेगळे ओळखू आले. पाइनसारखी झाडं आपली मोनोटर्पिनं (टर्पीनचाच एक प्रकार) राळेत साठवतात. ऊन तापलं की ती उडतात, अंधारातही थोडी झिरपत राहतात. ओकचं पान आयसोप्रीन साठवत नाही. उजेडात बनवतं आणि लगेच सोडतं. चाळीस अंशांच्या आसपास त्याचा जोर सर्वाधिक असतो. त्यामुळे उजेड आणि तापमान कळलं की झाड किती वायू सोडेल याचा हिशेब जुळला, असं बराच काळ मानलं गेलं.

तो जुळत नव्हता, कारण पानाला वय असतं. 1991 मध्ये आपल्या खाजकुइलीच्या जातकुळीतल्या वेलीवर एक सुरेख निरीक्षण नोंदलं गेलं. कोवळं पान प्रकाशसंश्लेषण करू लागतं, तरी आयसोप्रीन सोडायला काही दिवस लावतं. 1994 मध्ये रसेल मॉन्सन आणि सहकाऱ्यांनी ॲस्पेन या थंड प्रदेशातल्या पानगळीच्या झाडांवर हेच संपूर्ण हंगामभर तपासलं. वसंतात पानं आली तरी आयसोप्रीन मागाहून येतं, उन्हाळ्यात शिगेला जातं, शरदात ओसरतं. तापमान तेच असलं तरी महिना बदलला की मोजमाप बदलतं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं खरं वळण हेच आहे. ॲलेक्स गुंथर यांच्या 2006 च्या ‘मेगन’ या, झाडांच्या उत्सर्जनाचा अंदाज बांधणाऱ्या गणिती प्रारूपात पानाचं वय आणि मागच्या दहा दिवसांचं तापमान यांनाही जागा मिळाली.

एवढा आटापिटा कशासाठी? 1988 मध्ये विल्यम शमेडीस यांच्या चमूने अटलांटा शहराचा अभ्यास करून दाखवलं, की झाडांचं आयसोप्रीन वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांशी मिळून जमिनीलगत ओझोन हा श्वासाला घातक वायू तयार करतं. म्हणजे ज्या कडक उन्हाच्या दिवसांत शहराची हवा आधीच बिघडलेली असते, नेमकं त्याच दिवसांत झाडंही सर्वाधिक वायू सोडतात. दोष झाडांचा नाही, हे ठामपणे सांगायला हवं. धूर नसेल तर तो ओझोन तसा साचत नाही.

भारतात जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या सी. के. वार्ष्णेय आणि पी. के. पाढी यांनी या शतकाच्या सुरुवातीला इथल्या झाडांच्या उत्सर्जनाची मोजणी प्रसिद्ध केली. उत्तरेकडच्या थंड देशांतला वसंत-उन्हाळा-शरद हा आलेख मात्र आपल्या पानगळीच्या रानांना तसाच लावता येत नाही. इथे पळस फाल्गुनात निष्पर्ण होऊन फुलतो आणि त्याची पालवी ऐन वैशाखाच्या उन्हात फुटते.