पार्श्वभूमी : 'ऊन लागलं' इथपासून उष्माघाताच्या नोंदीपर्यंत

जळगाव-भुसावळचा मे महिना कसा असतो हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. गोंधळ आहे तो शब्दाचा. आपल्याकडे चक्कर आली तरी 'ऊन लागलं', पोटऱ्यांत गोळे आले तरी 'ऊन लागलं', आणि माणूस बरळायला लागला, घरच्यांना ओळखेना, तरी 'ऊन लागलं'च. खरं तर या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीत घाम येत असतो, डोकं दुखतं, मळमळतं, पण शुद्ध शाबूत असते, सावली, पाणी, मीठ-साखर आणि आराम मिळाला की बहुतेक माणसं सावरतात. दुसरीत शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदूवर परिणाम होतो. हा उष्माघात. पहिलीला आपल्या बोलण्यात वेगळं नावच नाही, म्हणून ती कुणी मोजत नाही आणि फारशी मनावरही घेत नाही.

'ऊन' हा शब्दही फसवा आहे. १९व्या शतकात इंग्रजांच्या डॉक्टरांनाही वाटायचं की सूर्याची किरणं थेट डोक्यात आणि पाठीच्या कण्यात घुसतात, म्हणून ते जाड टोप्या घालायचे, पाठीला कापडाच्या गाद्या बांधायचे. पुढे कळलं की प्रश्न अंगातली उष्णता बाहेर न पडण्याचा आहे, मग माणूस सावलीत असो की घरात. पण आपल्या डोक्यातून उन्हाची कल्पना काही गेली नाही. रुमाल बांधला, खिशात कांदा ठेवला की झालं असं वाटतं. रुमालाने ऊन अडतं, कांद्याने काहीच होत नाही. पूर्वी निदान धाब्याची घरं होती, जाड मातीच्या छतामुळे दुपारीही आत बरं असायचं. आता पत्रे आणि स्लॅब आलेत, खोली रात्री दहालाही तापलेलीच असते, आणि तिथे झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला काही झालं तर उष्माघाताचा विचारसुद्धा कुणाच्या मनात येत नाही.

या विषयाकडे आपल्या देशात नीट बघायला सुरुवात झाली ती २०१० नंतर. त्या मे महिन्यात अहमदाबादला पारा ४६.८ वर गेला, नंतर एकूण मृत्यूंची आधीच्या वर्षांशी तुलना केली तेव्हा एका महिन्यात १३०० पेक्षा जास्त माणसं अधिक गेल्याचं दिसलं, आणि कागदावर उष्माघात म्हणून लागलेली त्यातली फारच थोडी. त्यातून २०१३ साली तिथे उष्णतेचा कृती आराखडा झाला. २०१५ ला आंध्र-तेलंगणात हजारावर बळी गेले. मग एप्रिल २०२३ मध्ये खारघरला भर दुपारी उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात माणसं दगावली, तेव्हा त्या भागात पारा चाळिशीच्याही खाली होता, पण हवा दमट होती आणि अशा हवेत घाम वाळत नाही.

आता खरा वादाचा मुद्दा, उष्माघाताचा मृत्यू म्हणायचं कशाला? शवविच्छेदनात उष्माघाताची अशी एकच पक्की खूण सापडत नाही, बाकीची कारणं बाजूला सारत तिथपर्यंत यावं लागतं. त्यासाठी जिवंतपणी मोजलेलं तापमान लागतं, माणूस कुठे होता, काय काम करत होता हे लागतं. तेच नसेल तर 'संशयित', आणि संशयितातून बरेच गळतात. त्यात भर हवामान खात्याच्या उष्णतेच्या लाटेच्या व्याख्येची. मैदानी भागात पारा किमान ४० आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, किंवा थेट ४५, तेव्हा उष्णतेची लाट. पण जळगावची मे महिन्यातली सरासरीच ४२ च्या आसपास, म्हणजे आठवडाभर ४३-४४ राहिला तरी लाट नाही. माझ्या मते ही व्याख्या आपल्या भागावर अन्याय करते, कारण शरीराला सरासरी कळत नाही, उष्णता कळते.

आमच्या गावचा एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी, आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन आठवडा झालेला, नवीन साल नुकतंच धरलेलं. सकाळपासून केळीचे घड वाहत होता, दुपारी पायात गोळे आले म्हणून घरी येऊन पत्र्याच्या खोलीत पडला. घरच्यांना वाटलं, ऊन लागलंय, झोपेल तर बरं वाटेल. संध्याकाळी तो भलतंच बोलायला लागला तेव्हा अंगाला हात लावला तर चटका बसत होता, त्यांनी तापाची गोळी दिली. तापात मेंदूच शरीराचं तापमान वर नेतो आणि गोळी ते खाली आणते, उष्माघातात मेंदूने तसं केलेलंच नसतं, म्हणून गोळीचा उपयोग नाही. तिथे लगेच अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, बर्फ असेल तर काखेत-जांघेत ठेवायचा आणि त्याच वेळी १०८ ला फोन करायचा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता, जिवंतपणी थर्मामीटर एकदाही लागला नाही. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार आलं. त्याची बायको अजूनही ऊन लागून गेले असंच सांगते.