गंगाराम तांबट, बडोदा आणि पुण्यातली भाड्याची दालनं

विद्यापीठाला समकालीन कलेचं संग्रहालय कशाला हवं, असं कुणी विचारलं की मला गंगाराम चिंतामण तांबट आठवतात. सवाई माधवरावांच्या काळातले हे पुण्याचे चित्रकार. पर्वती, वेरूळ-कार्ल्याची लेणी, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा, असं डोळ्यांसमोरचं जग त्यांनी कागदावर उतरवलं. गेंड्याचं चित्र १७९० चं. पेशवे दरबारातले इंग्रजांचे वकील, म्हणजे राजदूत, चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्या पुढाकारानं त्याच दशकात शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिच्याशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे.

१७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, पुढच्याच महिन्यात वेल्स. चित्रशाळा फार टिकली नाही. मॅलेटकडची चित्रं इंग्लंडला गेली आणि गंगारामांची कितीतरी चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. लुई कान यांनी आखलेली ही वास्तू १९७७ मध्ये खुली झाली. २०११ मध्ये तिथल्या प्रदर्शनात गंगारामांची चित्रं मांडली गेली. ती परदेशी आहेत याचं मला तेवढं दुःख नाही. तिथे ती नीट जपली गेली, अभ्यासकांच्या हाती पडली, आणि हे एका विद्यापीठानं केलं.

आपल्याकडे गोम शिक्षणाच्या रचनेत आहे. मुंबईत जे. जे. कला महाविद्यालय १८५७ मध्ये सुरू झालं आणि पुढे मराठी मुलगा चित्रकला शिकला तो बहुतेक ‘जी. डी. आर्ट’साठी. ही सरकारी पदविका, विद्यापीठाची पदवी नव्हे. १९६५ पासून कारभार कला संचालनालयाकडे आला. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं आणि गणेशखिंडीतल्या गव्हर्नरांच्या प्रासादात नांदू लागलं, पण चित्रकार घडत होते ते त्याच्या कुंपणाबाहेर. १९८७ मध्ये ललित कला केंद्र आलं, तेही संगीत, नृत्य आणि नाट्यासाठी. जिथे विषयच शिकवला जात नाही, तिथे त्याचा संग्रह कोण करणार?

बडोद्यानं वेगळी वाट धरली. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा सुरू झाली. स्वतः जी. डी. आर्ट झालेले ना. श्री. बेंद्रे तिथे चित्रकला शिकवायला गेले. रंगकामाच्या शेजारीच कलेतिहास शिकवला जाऊ लागला, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. कलकत्ता विद्यापीठाचं आशुतोष संग्रहालय तर १९३७ चं.

पुण्यातल्या विद्येनं जुनं जपलं, हे मान्य. इतिहास-संशोधक द. ब. पारसनिसांचा साताऱ्याचा ऐतिहासिक संग्रह १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात आला. चालू काळाच्या चित्रांना मात्र दालन भाड्यानंच घ्यावं लागतं. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उभं राहिलं आणि त्याच्या कलादालनानं पिढ्यान्‌पिढ्यांचे चित्रकार लोकांपुढे आणले, हे ऋण मोठं आहे. पण तिथला क्रम ठरलेला: समई, उद्घाटन, अभिप्रायाची वही, आणि शेवटच्या संध्याकाळी बबल रॅपमध्ये गुंडाळलेली चित्रं टेम्पोत. एखादं विकलं गेलं तर कुणाच्या तरी दिवाणखान्यात जातं, बाकीची पलंगाखाली. वीस वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याला पुण्यातल्या १९८० च्या दशकातल्या चित्रकलेवर प्रबंध लिहायचा असेल, तर त्यानं घरोघरी फिरायचं.

सुरुवातीला इमारतही लागत नाही. दरवर्षी कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांतून विद्यापीठानं चार-पाच कामं विकत घ्यावीत, त्यांच्या नोंदी ठेवाव्यात आणि ग्रंथालयाच्या भिंतींवर ती आळीपाळीनं लावावीत.