दोन बाय दोनच्या टाइलमध्ये चार चौरस फूट नसतात

टाइल्सच्या दुकानात ‘दोन बाय दोन’ मागितली की हातात पडते ती साठ सेंटिमीटरची टाइल. खोक्यावर ६०० × ६०० मिलिमीटर असं छापलेलं असतं, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. दोन दुणे चार, खोक्यात टाइल्स चार, म्हणजे सोळा चौरस फूट, असा हिशेब गिऱ्हाईक उभ्या उभ्या करून मोकळं होतं. त्या खोक्यात प्रत्यक्षात १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट माल असतो. दरवेळी दुकानदारच लबाड असतो असं नाही. हा घोळ आपल्या डोक्यात शाळेपासून घर करून बसलाय, आणि त्याला जबाबदार आहे ती फूटपट्टी.

घरातल्या मुलाच्या दप्तरातून एक काढा. एका कडेला ३० सेंटिमीटर, दुसऱ्या कडेला १२ इंच. शून्यं समोरासमोर असतील तर बाराव्या इंचाची रेघ तिसाव्या सेंटिमीटरच्या जवळजवळ पाच मिलिमीटर पुढे दिसेल. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन आणि इतर काही देशांनी मिळून ठरवलं की इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर. म्हणजे फूट ३०.४८ सेंटिमीटरचा. हा आकडा अंदाजे नाही, तंतोतंत आहे.

आता कुणी म्हणेल, पाच मिलिमीटरचं काय एवढं कौतुक! लांबी मोजताना खरंच काही बिघडत नाही. क्षेत्रफळात मात्र गंमत सुरू होते, आणि हा लेख खरं तर तेवढ्यासाठीच लिहितोय.

कागदावर ६० सेंटिमीटरचा चौरस काढलाय असं समजा. त्याचा खराखुरा दोन फुटी चौरस करायचा तर बाजू ०.९६ सेंटिमीटरने वाढवावी लागेल. उजवीकडे एक उभी पट्टी चिकटवा, ६० × ०.९६. वर एक आडवी, तेवढीच. तरी कोपऱ्यात एक चिमुकला चौरस रिकामा राहतोच, ०.९६ × ०.९६ चा. मांडून पाहा: ३६०० + ५७.६ + ५७.६ + ०.९२१६ = ३७१६.१२१६ चौरस सेंटिमीटर. हेच खरे चार चौरस फूट. शाळेत घोकलेलं (अ + ब)² = अ² + २अब + ब² ते हेच: एक मोठा चौरस, दोन पट्ट्या, एक कोपरा. त्या सूत्रातला ‘२’ पाठ सगळ्यांना असतो, पण तो दोन पट्ट्यांचा आहे हे किती जणांना सांगितलं गेलं?

कोपरा जवळजवळ विसरण्याजोगा असतो, पट्ट्या विसरता येत नाहीत. म्हणून लांबीत १.६ टक्के फरक असेल तर क्षेत्रफळात तो साधारण दुप्पट, ३.२ टक्के होतो. घनफळात पट्ट्यांऐवजी तीन चपट्या लाद्या चिकटवाव्या लागतात, त्यामुळे फरक तिपटीच्या आसपास, ४.९ टक्के. अकरावी-बारावीत x² चा डेरिव्हेटिव्ह २x आणि x³ चा ३x² का येतो, त्याचं उत्तर याच चित्रात आहे. ब फारच लहान केला की कोपरा गळून पडतो आणि उरतात फक्त पट्ट्या. (गणिताशी वैर असलेल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. निदान दोन पट्ट्या लक्षात ठेवा.)

दहा बाय बाराची खोली घ्या. टाइल चार चौरस फुटांची धरली तर १२० भागिले ४, तीस टाइल्स. जमिनीवर पाच गुणिले सहा अशा तीसही बसतात, पण एका बाजूला ४.८ सेंटिमीटरची आणि दुसऱ्या बाजूला ५.७६ सेंटिमीटरची फट राहते. सांधे आणि प्लास्टरची जाडी तूर्त बाजूला ठेवू. दोन्ही पट्ट्यांचं क्षेत्रफळ प्रत्येकी १७२८ चौरस सेंटिमीटर. कोपरा धरूनही बेरीज एका टाइलपेक्षा कमी भरते, तेव्हा कागदावर एकतिसावी टाइल पुरे. मिस्त्रीला विचारा. अकरा चिरोट्या कापल्या की ६० सेंटिमीटरपैकी ५७.६ संपतात, कटरचं पातं खातं ते वेगळंच. कोपऱ्याला ४.८ रुंदीचा तुकडा हवा आणि हातात फार तर २.४ ची काडी. बत्तिसावी आणावीच लागते.

याच खोलीवर वास्तूवाल्यांचं ‘आय’ काढण्याचं गणितही करून बघण्यासारखं आहे. लांबी गुणिले रुंदी, भागिले आठ, उरेल त्यावर शुभाशुभ. १२० ला आठाने भागलं की बाकी शून्य, म्हणजे ध्वांक्ष (कावळा), अशुभ. तीच खोली चौरस मीटरमध्ये ११.१५ भरते. ११ धरा, बाकी तीन, सिंह, उत्तम! चौरस इंचांत मोजाल तर मात्र जगातली पूर्ण फुटांची एकूण एक खोली अशुभ, कारण चौरस फुटात १४४ चौरस इंच असतात आणि १४४ ला आठाने निःशेष भाग जातो. भिंत तसूभर न हलवता नशीब बदलायचं तर टेप बदलावा.

एक ढोबळ चूक मात्र पट्ट्यांच्याही पलीकडची आहे. मीटर म्हणजे ३.२८ फूट, म्हणून चौरस मीटरलाही ३.२८ ने गुणायचं. असं केलं तर ६० चौरस मीटरचा फ्लॅट १९७ चौरस फुटांचा होतो. खरं उत्तर ६४६. गुणायचं ते १०.७६४ ने. दराचंही तसंच: रेडी रेकनरचा दर चौरस मीटरला असतो, बिल्डर बोलतो चौरस फुटाला. ५,००० रुपये फूट म्हणजे ५३,८२० रुपये मीटर.

गुंठा आणि आर हेही असेच जुळ्यासारखे दिसतात. गुंठा ३३ फूट × ३३ फूट, म्हणजे एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाच्या ६६ फुटी साखळीच्या निम्म्याचा चौरस. आर १० मीटर × १० मीटर. मीटर जन्मला फ्रेंच क्रांतीच्या काळात, ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. त्याचा गंटरच्या साखळीशी काडीचा संबंध नाही, तरी ३३ फूट भरतात १०.०५८४ मीटर. निव्वळ योगायोग! पट्ट्या इथेही दोन, प्रत्येकी ०.५८४ चौरस मीटरच्या, आणि नगण्य कोपरा. गुंठा झाला १०१.१७ चौरस मीटर.

एका गुंठ्यात आरपेक्षा जास्त असलेली ही जागा साडेबारा चौरस फुटांच्या आसपास, त्यासाठी कुणी भांडणार नाही. पण एकरात गुंठे चाळीस. सातबारावर पुरा एकर ०.४०.४७ असा दिसतो: शून्य हेक्टर, चाळीस आर, सत्तेचाळीस चौरस मीटर. ‘चाळीस गुंठे म्हणजे चाळीस आर’ म्हणत ०.४०.०० वर व्यवहार केला, तर ५०४ चौरस फूट जमीन बोलता बोलता कमी होते.