दोरी कायम चढवून ठेवली की लाकडी धनुष्याचा जोर टिकतो?

साताऱ्याच्या अदिती स्वामीने 2023 मध्ये बर्लिनला तिरंदाजीचं जगज्जेतेपद पटकावलं. तिच्यासारखं कंपाउंड धनुष्य, म्हणजे टोकांना चाकं असलेलं आधुनिक धनुष्य, कायम दोरी चढवलेलंच असतं. ते पाहून लाकडी लाँगबो (लांब, साधं धनुष्य) बाळगणारेही म्हणतात, ‘दोरी चढलेली राहू दे, जोर टिकतो.’ हे साफ चूक आहे.

कंपाउंडची पाती, म्हणजे वाकणारे दोन भाग, फायबरची, त्यांना तो ताण सोसतो. लाकडाचं तसं नाही. दोरी चढवली की धनुष्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची, म्हणजे पोटाची, दाबली जाते. हा दाब दिवसरात्र राहिला की पोटाकडचे तंतू चेपतात, ते पूर्ववत होत नाहीत. मग दोरी उतरवल्यावरही धनुष्य वाकलेलंच राहतं आणि बाण मंद सुटतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत तर हे आणखी लवकर घडतं. दिवाणखान्यात दोरी चढवून टांगलेलं चांगलं धनुष्य दिसलं की जीव तुटतो.

1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रजी युद्धनौकेवर शंभराहून अधिक अखंड लाँगबो सापडले, त्यातले कित्येक दोरी न चढवता पेट्यांत रचून ठेवलेले.

सराव संपला की लगेच दोरी उतरवा आणि धनुष्य दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. बाण न लावता दोरी ओढून सोडूही नका. तो सगळा जोर लाकडावरच येतो आणि ते तडकू शकतं.