डॉन ड्रेपरची कणव : पार्श्वभूमी

माफिया सरदार टोनीची अमेरिकी मालिका 'द सोप्रानोज' १० जून २००७ ला संपली आणि १९ जुलैला जाहिरातवाल्या डॉन ड्रेपरची 'मॅड मेन' सुरू झाली. टोनीची जखम बोलती करायला मानसोपचारतज्ज्ञाची खोली होती. डॉनला ती सोय नाही; साठच्या दशकातल्या त्याच्या जाहिरात कंपनीच्या ऑफिसात त्याच्या दुखण्याला नावही नाही. आघातोत्तर तणावाचं (पीटीएसडी) निदान अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत पुस्तिकेत आलं ते १९८० साली. त्यामुळे भूतकाळ दाखवायला उरला फक्त फ्लॅशबॅक.

सुरुवातीला तो जपून वापरला. कोरियात हातातून पडलेला लायटर, पेटलेलं इंधन, मेलेल्या अधिकाऱ्याशी अदलाबदल केलेले ओळखीचे बिल्ले; डिक असा 'डॉन ड्रेपर' झाला. तिसऱ्या सीझनच्या आरंभी डॉन शेगडीवर दूध तापवतो आणि तिथेच त्याला आपला जन्म दिसतो.

खरा घोळ मे २०१३ च्या 'द क्रॅश' या भागाचा. वेश्यागृहात वाढणारा डिक तापाने फणफणलाय, तिथलीच वेश्या एमी त्याची शुश्रूषा करते आणि मग त्याच्या अंथरुणात शिरते. तो नको म्हणतो. पुढे हे उघड झाल्यावर सावत्र आई लाकडी डावाने झोडपते ते त्यालाच. याला म्हणायचं काय? तेव्हा बऱ्याच जणांनी 'कौमार्य गेलं' असं लिहून विषय मिटवला, काहींनी सरळ 'बलात्कार' म्हटलं. डिकच्या जागी मुलगी असती तर शब्द शोधावा लागला नसता. दुसरा आक्षेप निराळा : बाईबाजीमागे वेश्यागृह, इतकं सरळ गणित कशाला? आक्षेप रास्त आहे. मालिका त्या प्रसंगाला स्वतः कोणतंच नाव देत नाही, पण डॉनच्या आताच्या वागण्याशेजारी तो असा मांडते की प्रेक्षकाने बेरीज करावीच.

ती बेरीज सावरली २३ जूनच्या भागाने. हर्शी या चॉकलेट कंपनीच्या लोकांपुढे डॉन आधी बापाच्या मायेची खोटी गोष्ट रंगवतो. मग हात थरथरतो आणि खरी बाहेर येते : गिऱ्हाइकांचे खिसे चाचपायचे, डॉलरच्या वर सापडलं तर बक्षीस एक हर्शी, ती एकट्याने, सोहळ्यासारखी खायची. इथे फ्लॅशबॅक नाही. तो स्वतः बोलतो आणि त्यापायी सक्तीच्या रजेवर जातो. शेजारणीबरोबर त्याला पाहिलेल्या आपल्या मुलीला, सॅलीला, मग तो लहानपणीचं ते घर दाखवायला नेतो. माफी मात्र मागत नाही. सॅली घराकडे बघते, मग बापाकडे.