पहिला भपकारा म्हणजे ऊद नव्हे

इंदूरच्या लग्नसराईत एक समज हमखास कानावर येतो: परफ्यूमचा फवारा मारताच नाक झणझणलं की त्यातला ऊद (अगरूच्या लाकडाचा सुगंध) अस्सल. तसं नाही. तो पहिला झणका बहुधा वेलची, मिरीसारख्या मसाल्यांचा, तो लवकर उडतो. ऊद जड, सावकाश वर येतो. मुळात अगरूचं निरोगी लाकूड जवळपास बिनवासाचं. झाडाला जखम होऊन बुरशी शिरली की बचावासाठी राळ साचते, आणि सुगंध त्या राळेचा. आसामातल्या या झाडाच्या व्यापारावर १९९५पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. स्वस्त बाटलीतला ऊद बहुतेक कृत्रिमच (तोही वाईट नसतो, बरं का).

मनगटावर एकच फवारा मारा, दोन तासांनी हुंगा. फक्त सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात नको. तिथे जिलबीच जिंकते.