घामातून चरबी जात नाही

"एमएमएचे फायटर प्लास्टिकचा सूट घालून पळतात आणि दोन दिवसांत चार-पाच किलो चरबी घामावाटे काढतात" हा मेसेज दर उन्हाळ्यात फिरतो. (एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेला लढतीचा खेळ.) सोलापुरात तर तो वाचून काही जण जॅकेट चढवून पार्क मैदानावर येतात.

यातलं निम्मं खरं आहे. फायटरचं वजन खरंच इतकं उतरतं, पण जातं ते पाणी. लढती वजनगटांनुसार होतात; त्यातल्या लाइटवेट गटाची मर्यादा साधारण ७०.३ किलो. वजन बहुधा लढतीच्या आदल्या दिवशी होतं, म्हणून फायटर तेवढ्यापुरता शरीर सुकवतो. काटा झाला की पाणी, मीठ, भात पोटात जातं आणि लढतीच्या जाळीदार पिंजऱ्यात उतरेपर्यंत बरंचसं वजन परत येतं. चरबी अशी परतली नसती.

घरीच बघा. पळायच्या आधी काट्यावर उभे राहा, आल्यावर घाम पुसून पुन्हा. समजा ८०० ग्रॅम कमी भरले. आता ८०० मिली पाणी प्या आणि परत उभे राहा. काटा जागेवर! एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. तासाभराच्या पळण्यात त्याचा दहावा हिस्साही जेमतेम जळतो.

सूटमुळे घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत असंच वजन उतरवताना कॉलेजचे तीन पैलवान दगावले. पुढे तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूटवर बंदी आली. आपल्याकडे तर मे महिन्यात पारा ४२च्या पुढेही जातो.